सोबतीची चाल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेत मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा मी विषय विचारला. "काहीही बोला, पण पाककृती नको," असे उत्तर मिळाले. तेव्हा स्वयंपाकघर बंद करून मी आज तुम्हांला डोंगरावर नेणार आहे. त्याला कारणही तसेच घडले आहे.

मंडळाने येत्या मार्गशीर्षात देवगिरी किल्ल्याची सहल ठरविली आहे. नावे लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले. वही घेऊन मी घरोघर हिंडले. कुणी चहा दिला, कुणी चिवडा दिला. नाव मात्र थोड्याच जणींनी दिले. "मला यायचं नाही" असे एकीनेही म्हटले नाही, हे विशेष. निम्म्या घरांत मला एकच वाक्य ऐकू आले: "मी नको गं बाई. माझ्यामुळे तुम्हां सगळ्यांना थांबावं लागेल."

हे वाक्य ऐकून मी घरी आले आणि रात्री बराच वेळ जागी राहिले. कारण एके काळी ते मी दुसऱ्या एकीच्या तोंडून ऐकले होते, आणि ऐकून जे वागले त्याची लाज मला आजही वाटते. तीच गोष्ट आज सांगते. जिची ही गोष्ट आहे ती माझी मैत्रीण याच सभागृहात मागच्या रांगेत बसली आहे. तिचे नाव घेणार नाही. घेतले तर ती उठून जाईल.

१९८४ सालची गोष्ट. आमचे शहर तेव्हा औरंगाबाद होते आणि आम्ही दोघी कॉलेजात होतो. एका रविवारी घरून कशीबशी परवानगी काढून आम्ही एस.टी.ने देवगिरीला गेलो. शहरापासून अंतर पंधरा किलोमीटर. पण आम्हांला काशीयात्रेला निघाल्याचा आनंद झाला होता. किल्ल्यावर जायची खरी ओढ तिला होती, मला नव्हे. तिची आजी पैठणची. घरात नाथांची भक्ती. एकनाथमहाराजांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार होते, आणि लहानगे एकनाथ पैठणहून त्यांच्याकडे येथेच आले. स्वामींचे स्थान किल्ल्याच्या अगदी वरच्या अंगाला आहे. त्याचे दर्शन घेऊन ये, असे आजीने तिला सांगितले होते. मी आपली मौजेखातर गेले होते.

तुमच्यापैकी ज्यांनी किल्ला पाहिला आहे त्यांना ठाऊकच आहे की, तो शत्रूला अडविण्यासाठी किती विचारपूर्वक रचला आहे. यादवराजा पाचव्या भिल्लमाने ११८७ च्या सुमारास येथे राजधानी वसविली. पुढे अनेक राजवटींनी त्यात भर घातली. एकामागून एक तट, मग डोंगराचा कडा ताशीव भिंतीसारखा सरळ कापून काढलेला, त्याच्या पायाशी खोल खंदक, आणि खंदक ओलांडला की ती प्रसिद्ध अंधारी. अंधारी म्हणजे खडकातून वर चढत जाणारा वळणावळणाचा काळोखा मार्ग. पायऱ्या लहानमोठ्या, वळण कुठे येईल ते कळत नाही, वर वटवाघळांचा उग्र वास. शत्रू आत शिरला की काळोखात त्याला आपला कोण आणि परका कोण हे उमजत नसे, आणि मग आपलीच माणसे आपल्याच माणसांवर घाव घालीत, असे तेथील वाटाडे सांगतात. माणसाला सोबत्यापासून तोडण्याकरिताच जणू ती वाट खोदली आहे.

आम्हां दोघींना तिने तोडलेच. एक वाटाड्या मशाल घेऊन पुढे चालला होता. मी त्याच्या पाठोपाठ झपझप निघाले. माझी मैत्रीण मुळात अंधाराला भिणारी; तिचा पाय अडखळू लागला. मागून तिने दोनदा मला हाक मारली. मी "ये ना लवकर!" म्हणाले आणि पुढे गेले. मशाल पुढे गेली, म्हणजे उजेडही पुढे गेला. ती काळोखात भिंत चाचपडत वर आली तेव्हा घामाने निथळत होती आणि तिची एक चप्पल तुटली होती.

बाहेर उजेडात येऊन ती पायरीवर बसली. वर अजून शेकडो पायऱ्या दिसत होत्या. मी तिच्यासमोर उभी राहून पदराने वारा घेत होते. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "तू जा. माझ्यामुळे तुला थांबावं लागेल."

मैत्रिणींनो, हे वाक्य बोलणारीला "नाही गं, मी थांबते" हे उत्तर ऐकायचे असते. एवढे मला तेव्हाही कळत होते. तरी मी "बरं, मी आलेच," म्हणाले आणि गेले. गणपतीचे देऊळ मागे टाकले, बारादरी मागे टाकली, थेट माथ्यावरच्या तोफेपाशी जाऊन उभी राहिले. तासाभराने खाली आले तेव्हा ती त्याच पायरीवर होती. सावली सरकून गेली होती, ती उन्हातच बसली होती. परतीच्या गाडीत आम्ही पेरू खाल्ले, बोललोही. पण पूर्वीसारखे बोललो नाही.

पुढे आमची लग्ने झाली. ती परगावी गेली. वर्षातून एखादे पत्र, मग दिवाळीला फोन, मग तोही नाही. भांडण झाले असते तर मिटविता आले असते. आमचे भांडणच झाले नव्हते, मिटवायचे काय?

काही वर्षांपूर्वी तिच्या यजमानांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर येथे घर घेतले, आणि एके दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली. हळूहळू आम्ही सकाळी फिरायला जाऊ लागलो. कधी विद्यापीठाच्या मागची गोगाबाबा टेकडी, कधी बीबी का मकबऱ्यावरून पुढे शहराच्या लेण्यांकडे. आता मात्र पारडे फिरले होते. ती सडसडीत, मी अंगाने भरलेली. त्यात माझा उजवा गुडघा दुखरा. मी मागे पडू लागले. मागे पडलेल्याला काय वाटते ते मला साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कळले.

पहिल्या काही दिवसांत मी दुखणे लपविले. "ठीक आहेस ना?" असे तिने विचारले की "अगदी ठीक," म्हणायचे. एके दिवशी ती थांबली आणि म्हणाली, "पोतं उघडून दाखव." मला काही कळेना. तेव्हा तिने मला देवगिरीचीच कथा सांगितली. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक स्वारी केली. रामदेवरायाने किल्ल्याचा आश्रय घेतला. घाईघाईने पोती आत ओढून घेतली. धान्य भरपूर आहे असे सर्वांना वाटले. वेढा पडल्यावर पोती उघडली, तो आत मीठ! अशी कथा इतिहासकार सांगतात. किल्ला दगडाने कमी पडला नाही, तो शिध्याने कमी पडला. राजाला अमाप खंडणी देऊन तह करावा लागला.

"तुझं 'अगदी ठीक' हे मिठाचं पोतं आहे," ती म्हणाली. "वर चढल्यावर उघडण्यापेक्षा इथेच उघड." मी मुकाट्याने एका दगडावर बसले आणि गुडघ्याचे सगळे सांगितले. तेव्हापासून आमच्यांत ती म्हणच पडून गेली आहे. निघण्यापूर्वी ती माझी पिशवीही उघडून पाहते: पाणी आहे का, गूळ-शेंगदाणे आहेत का, औषधाची गोळी आहे का. आणि मग माझ्याकडे पाहून विचारते, "आणि हे पोतं?"

आपण बायका संसारात किती पोती न उघडता रचून ठेवतो, याचा तुम्हीच विचार करा. दुखते म्हणायचे नाही, दमले म्हणायचे नाही, पैसे पुरत नाहीत म्हणायचे नाही. ज्या दिवशी वेढा पडतो त्या दिवशी आत मीठ निघते, आणि मग घरच्यांना वाटते की हे अचानक कसे झाले!

लेण्यांकडे जाताना मी आणखी एक गोष्ट शिकले. आपल्या शहराच्या लेण्यांत सातवे लेणे आहे. वेरूळ-अजिंठ्याला जग जाते. ही लेणी आपल्या उशाशी असून आपल्यापैकी कितीजणींनी पाहिली आहेत कोण जाणे. तेथे दाराजवळच्या भिंतीवर अवलोकितेश्वराची मोठी मूर्ती आहे, आणि तिच्या दोहों बाजूंस माणसावर येणारी आठ संकटे कोरली आहेत: आग, शस्त्रधारी लुटारू, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यू. त्या काळी व्यापारी आणि वाटसरू या रस्त्याने जात. हा त्यांचा रक्षणकर्ता. प्रत्येक चित्रात संकटात सापडलेला माणूस त्याला हाक मारतो आहे. मी बराच वेळ पाहत उभी राहिले. माझ्या मनात आले, हाक मारली तेव्हाच तो धावून आला. आणि मग दुसरी गोष्ट मनात आली: अंधारीत मला दोनदा हाक मारली होती, आणि मी धावून गेले नव्हते.

त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात एक नर्तकी कोरलेली आहे, आणि तिच्या दोहों बाजूंना वाद्ये वाजविणाऱ्या सहा स्त्रिया. मैत्रीण हसून म्हणाली, "बघ, महिला मंडळ!" मग म्हणाली, "एकजण नाचते, कारण सहाजणी ताल धरून बसल्या आहेत." आमच्या मंडळातही काही जणी नाचणाऱ्या आहेत आणि पुष्कळशा ताल धरणाऱ्या. दोघींचे मोल सारखेच, हे मी त्या दगडाकडून शिकले.

गेल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात तीच म्हणाली, "देवगिरीला जाऊ या." मी नको नको म्हणत होते. गुडघ्याचे निमित्त होते. खरे कारण वेगळे होते. पण गेलो.

या खेपेस ती पुढे नव्हती आणि मागेही नव्हती. माझ्या शेजारून चालत होती. तिचा नियम असा की, चढताना बोलता आले पाहिजे. एक वाक्य पुरे होण्याआधी दम लागला, तर चाल फार झाली असे समजून थांबायचे. म्हणून आम्ही चांद मिनाराच्या सावलीत थांबलो, चिनी महालापाशी थांबलो, मेंढा तोफेपाशी थांबलो. आणि थांबलो म्हणून पाहिले. चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबाने १६८७ नंतर येथे कैदेत ठेविले होते. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला खरोखरच मेंढ्याचे शिंगे असलेले तोंड आहे. १९८४ मध्ये या सगळ्यांवरून मी धावत गेले होते. मला ते तोंड दिसलेच नव्हते.

अंधारीच्या तोंडाशी तिने माझा हात धरला. मला वाटले, मला आधार म्हणून. मग लक्षात आले, तिचाच हात थरथरत होता. इतक्या वर्षांनीही तिला अंधाराची भीती वाटतच होती. विजेरी माझ्या हातात होती. मी उजेड तिच्या पायांपुढे धरला आणि पायरी पायरी मोजत आम्ही वर आलो.

गणपतीच्या देवळापर्यंत माझ्या गुडघ्याने साथ दिली. तेथे तो रुसला. मी पायरीवर बसले आणि माझ्या तोंडून आपसूक वाक्य निघाले, "तू जा वर. माझ्यामुळे तुला थांबावं लागेल." बोलून गेले आणि जीभ चावली.

ती माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "तेव्हा तू वर काय पाहिलंस गं? मला कधी सांगितलंच नाहीस."

मी आठवू लागले. तोफ आठवली. वारा आठवला. आणखी काही आठवेना. त्या दिवसाचे मला स्पष्ट आठवते ते एकच दृश्य, आणि ते वरचे नाही: उन्हात बसलेली ती, आणि तिच्या शेजारी तुटकी चप्पल. मी तिला तसे सांगितले आणि क्षमा मागितली.

ती काय म्हणाली असेल? "अगं, मी विसरूनही गेले" असे कथेतली मैत्रीण म्हणाली असती. ही म्हणाली, "राग आला होता. चांगला दोन वर्षं होता. मग पहिलं बाळ झालं, रागवायला वेळच उरला नाही." आम्ही दोघी हसलो, आणि मग थोड्या रडलोही. आणि ती पुढे म्हणाली, "त्या दिवशी एका अनोळखी बाईंनी मला त्यांच्या तांब्यातलं पाणी दिलं आणि तू येईपर्यंत जवळ बसून राहिल्या. पुष्कळ दिवस मला वाटे, ते तू करायला हवं होतंस. मग वाटू लागलं, मीही कुणासाठी तसं बसावं."

आम्ही तेथूनच परत फिरलो. जनार्दनस्वामींचे दर्शन तिचे दुसऱ्यांदा राहिले. मला वाईट वाटत होते. तेव्हा ती म्हणाली, "किल्ला कुठे जातो आहे?"

परत फिरण्याला आपण हार समजतो. आपल्याच शहरातील महाविद्यालयात क्रीडा विभागात काम करणाऱ्या मनीषा वाघमारे यांचे उदाहरण पाहा. २०१७ मध्ये त्या एव्हरेस्टवर गेल्या. शिखर दोनशे मीटरहूनही कमी अंतरावर राहिले असता हवामान बिघडले आणि त्या परत फिरल्या. ८,८४८ मीटर उंचीचा डोंगर, दृष्टीच्या टप्प्यात आलेले शिखर, आणि मागे वळायचे! त्याला किती धैर्य लागले असेल! परत फिरल्या म्हणूनच २०१८ मध्ये त्या पुन्हा जाऊ शकल्या आणि शिखरावर पोहोचल्या. मग आम्हां दोघींनी गणपतीच्या देवळापासून परतण्यात कसली आली आहे लाज?

उलट, दुसऱ्याला आपल्या चालीने ओढून नेणाऱ्याचे काय होते, तेही देवगिरीनेच पाहिले आहे. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून येथे आणली आणि दिल्लीच्या लोकांना इकडे चालायला लावले. चालणाऱ्यांचे फार हाल झाले असे त्या काळच्या लेखकांनी लिहून ठेविले आहे. थोड्याच वर्षांत त्याला राजधानी परत न्यावी लागली. संसार असो की मंडळ असो, पुढारपण करणाऱ्या प्रत्येकीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वर्षभर मी वैद्यांनी सांगितलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम केले. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर अधिक भार येतो, हेही शिकले. म्हणून हातात काठी घ्यावी, पायरी तिरकी उतरावी, घाई करू नये. मग गेल्या पौषात आम्ही तिसऱ्यांदा गेलो. सकाळी दार उघडताच आत शिरलो. अकरा ठिकाणी थांबलो, तिने मोजले. आणि अकरावा थांबा जनार्दनस्वामींच्या स्थानापाशी होता. तिने आजीच्या नावाने फूल वाहिले. तोफ थोडी आणखी वर होती. "जायचं?" असे तिने विचारले. मी म्हणाले, "पोतं उघडून सांगते, नको." ती म्हणाली, "बरं." आणि आम्ही तेथेच बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तोफ मी एकटीने पाहिली आहे. तिच्याबरोबर पाहायची अजून राहिली आहे.

मैत्रिणींनो, आता मूळ वाक्याकडे येते. "माझ्यामुळे तुम्हांला थांबावं लागेल." आपण जन्मभर थांबतो. शाळेच्या फाटकाशी थांबतो, दवाखान्यात थांबतो, रात्री उशिरा येणाऱ्यांची ताटे झाकून थांबतो. तेव्हा आपल्याला ते ओझे वाटत नाही. मग आपल्यासाठी कुणी पाच मिनिटे थांबले तर आपल्याला एवढा संकोच का व्हावा? थांबणे ही माया असेल, तर ती घेणेही आपल्याला आले पाहिजे.

म्हणून सहलीचे नियम मी असे ठरविले आहेत. सर्वांत हळू चालणारी सर्वांत पुढे चालेल. बाकीच्या तिच्या मागे. अंधारीत प्रत्येकीचा हात दुसरीच्या हातात असेल. ज्या पायरीवर एक बसेल, त्या पायरीवर दुसरी तिच्याजवळ बसेल. कुणी "तू जा" म्हटले तरी जायचे नाही. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांनी आपापली पोती उघडून दाखवायची.

वही मी बरोबर आणली आहे. सभा संपल्यावर दाराशी उभी राहते. माझी मैत्रीण मागच्या दारापाशी उभी राहील, म्हणजे कुणाला निसटता येणार नाही.